प्रकटीकरणात समुद्र का राहत नाही? किनाऱ्यावरून एक प्रश्न

वलांडी
२ नोव्हेंबर, रात्री ९:५०

आज मृतांच्या स्मरणाचा दिवस. आत्ताच दफनभूमीतून आलो. आमच्या कोळीवाड्यात आज प्रत्येक कबर धुतात, झेंडू वाहतात, फादर मंत्रित पाणी शिंपडत एकेका रांगेतून फिरतात. अंधार पडला की सगळी जागा मेणबत्त्यांनी उजळते. लहानपणापासून हे बघत आलोय, तरी दरवर्षी घसा दाटून येतो.

माझ्या आजीची एक मेणबत्ती मात्र तिथे कधीच लागली नाही. तिचा धाकटा दीर डोलीवर, म्हणजे डोल जाळ्याच्या मासेमारीला, गेला आणि वादळात बोटीसकट राहिला. देह मिळाला नाही, त्यामुळे कबर नाही. आजी दफनभूमीतलं आटपलं की किनाऱ्यावरच्या क्रुसाकडे जायची. वाऱ्याने विझू नये म्हणून करवंटीत मेणबत्ती ठेवायची. मग माझ्या वडिलांना म्हणायची, "वाच रे ते." तिला अक्षरओळख नव्हती, पण कुठलं पान ते तिला पाठ होतं. प्रकटीकरण, म्हणजे बायबलचं शेवटचं पुस्तक, अध्याय २०, ओवी १३. शेवटच्या न्यायाच्या वेळी समुद्र आपल्यातले मेलेले परत देतो, ते वचन. (ओवी म्हणजे इथे वचन. आजी ओवीच म्हणायची, मलाही तीच सवय आहे.)

वडील तेवढं एकच वचन वाचून पुस्तक मिटायचे. पुढे वाचायचे नाहीत. मोठा झाल्यावर मी पुढचं वाचलं तेव्हा कारण कळलं. जेमतेम दोन-तीन वचनं ओलांडली की अध्याय २१ सुरू होतो. त्यात नवं आकाश येतं, नवी पृथ्वी येते, आणि लगेच म्हटलंय की समुद्र आता राहिला नाही.

आम्ही सात पिढ्या समुद्रावर जगतोय. आमचं अन्न, लग्नातली गाणी, शिव्या, नवस, सगळं दर्याचं. देवाने सगळं नवं करायचं ठरवलं आणि त्यात दर्याच ठेवला नाही? नवीन जगात आम्ही काय करणार? आजीला हे कळलं असतं तर ती काय म्हणाली असती, हे मला आजही सुचत नाही.

जगाच्या अंताबद्दल भीती घालणारे संदेश मला नकोत, ते रोज येतात. ज्यांनी यावर वाचलंय, विचार केलाय, त्यांनी सांगावं. इतर धर्माच्या मित्रांनीही जरूर लिहावं.

रत्नदुर्ग
२ नोव्हेंबर, रात्री ११:१५

वलांडी, फार आतून आलेला धागा. मी प्रॉटेस्टंट कुटुंबातला, रत्नागिरीचा. बायबलच्या अभ्यासवर्गात प्रकटीकरण दोनदा पूर्ण केलंय, त्या आधारावर लिहितो.

प्रकटीकरणात समुद्र म्हणजे फक्त पाणी नाही. यहुदी लोक मुळात डोंगराळ मुलखातले, शेतकरी आणि मेंढपाळ. त्यांच्या लिखाणात समुद्र हा गोंधळाचा, अनावर शक्तीचा प्रदेश. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव पाण्याला हद्द घालतो. निर्गमात समुद्र दुभंगतो तेव्हाच गुलाम सुटतात. दानीएलाच्या सातव्या अध्यायात चार श्वापदं समुद्रातून वर येतात, आणि प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायातलं श्वापदही समुद्रातूनच येतं.

दुसरं म्हणजे हे लिहिणारा योहान बसलाय कुठे? पात्मोस बेटावर, शिक्षा भोगत. बहुतेक अभ्यासक हे लिखाण सम्राट डोमिशियनच्या काळातलं, इ.स. ९५ च्या आसपासचं मानतात. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया ही ज्या सात मंडळ्यांना (तिथल्या ख्रिस्ती समुदायांना) त्याने लिहिलं ती शहरं समोरच्या किनाऱ्यावर आणि त्याच्या आत, आजच्या तुर्कस्तानात. मधे पाणी. त्याच्यासाठी समुद्र म्हणजे आपल्या माणसांपासून तोडणारी भिंत.

तिसरं, रोमची सगळी श्रीमंती समुद्रमार्गे यायची. अठराव्या अध्यायात 'बाबेल', म्हणजे रोमच, पडते तेव्हा तारवांचे कप्तान आणि खलाशी लांब उभे राहून रडतात. त्यांच्या मालाच्या यादीत सोनं, मोती, दालचिनी आहे आणि सगळ्यात शेवटी माणसं आहेत. गुलाम म्हणून विकलेली माणसं. तो समुद्र राहिला नाही असं योहान म्हणतो, असं मी वाचतो. तुमचा किनारा त्याच्या डोळ्यापुढे नव्हता.

पाचूबंदर
३ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

रत्नदुर्ग यांनी छान सांगितलं, पण मला ते थोडं पुस्तकी वाटतं. मी बोटवाला आहे. वलांडी, राग मानू नका. तुम्ही म्हणता समुद्र नाही म्हणजे आपलं सगळं गेलं. मला ते वचन वेगळं कळलंय.

११ नोव्हेंबर २००९. फयान चक्रीवादळ. ज्यांना आठवतं त्यांना जास्त सांगायला नको. इथून खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गापर्यंत किती घरं त्या दिवसानंतर दाराशी बसून राहिली. आमच्या बोटीवर पूर्वी एक तांडेल (बोट चालवणारा) होता, नंतर दुसऱ्याच्या बोटीवर गेला, तो आला नाही. त्याची आई तीन आठवडे बंदरावर यायची. प्रत्येक बोट लागली की उठून उभी राहायची. त्या वर्षी नाताळच्या आधीच्या आठवड्यात कुणीतरी हा एकविसावा अध्याय वाचला. समुद्र राहिला नाही हे ऐकलं आणि ती बाई पहिल्यांदा मोठ्याने रडली. माझ्या मते तिला ते बरोबर कळलं होतं. लगेच पुढे आहे की देव त्यांच्या डोळ्यांतले सगळे अश्रू पुसेल, मरण राहणार नाही. समुद्र आणि मरण एकाच दमात जातात. आपण दर्याला आई म्हणतो, पण तो माणसं घेतो हेही आपल्यालाच माहीत असतं.

वलांडी
३ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

पाचूबंदर, राग कसला. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. माझ्या घरातली गोष्ट इतकी जुनी की तिच्यातलं दुःख वाळून गेलंय. तुमचं ओलं आहे. मी कौतुकाने समुद्र मागत होतो.

गुहागरी
३ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

मी हिंदू आहे, ख्रिस्ती शेजारात वाढले. आपल्याकडे प्रलय असतो, पण तो फिरून फिरून येतो. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा, मग रात्र, मग पुन्हा सृष्टी. तुमच्याकडे एकदाच सुरू होऊन एकदाच संपतं, एवढं मला ढोबळ माहीत आहे. पण नेमका क्रम काय? कुणी म्हणतं आधी भक्त वर उचलले जाणार, मग सात वर्षं संकट. कुणी म्हणतं हजार वर्षांचं राज्य. शेजारच्या डिसोझा काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आमच्यात असलं काही शिकवत नाहीत." मग हे कोण शिकवतं?

रत्नदुर्ग
३ नोव्हेंबर, दुपारी १:३०

काकू बरोबर सांगतायत. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि जुन्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांपैकी बहुतेकांचा गाभा साधा आहे. ख्रिस्त पुन्हा येईल, मेलेले उठतील, न्याय होईल आणि त्याच्या राज्याला अंत नसेल. रविवारच्या विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीत, एवढंच आहे. कॅथलिकांत शिवाय मरणानंतर लगेच होणारा प्रत्येकाचा न्याय आणि शुद्धिस्थान, म्हणजे आत्मा शुद्ध होण्याची अवस्था, येतं. कालच्या मेणबत्त्या आणि प्रार्थना त्याच्याशीच जोडलेल्या आहेत.

हजार वर्षांचं राज्य प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात येतं. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने ते लाक्षणिक मानलं, म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या आणि दुसऱ्या येण्यामधला मंडळीचा काळ. पश्चिमेकडच्या चर्चमध्ये पुढे तेच रूढ झालं.

भक्त आधी गुपचूप वर उचलले जातील आणि बाकीचे संकटात राहतील, ही मांडणी मात्र बरीच नवी. १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी याने ती पसरवली आणि १९०९ मध्ये अमेरिकेत निघालेल्या स्कोफील्डच्या टिपांच्या बायबलामुळे ती घरोघरी गेली. आपल्याकडे अनेक प्रार्थनामंडळांत तीच शिकवली जाते. प्रामाणिक लोक आहेत, पण मला ती पटत नाही.

आधार दिला जातो तो थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा, अध्याय ४. प्रभू खाली येईल आणि आपण त्याला भेटायला मेघांत घेतले जाऊ. इथे 'भेटायला' यासाठी जो ग्रीक शब्द आहे, अपान्तेसिस, तो त्या काळी राजा किंवा मोठा पाहुणा शहराकडे येताना लोक वेशीबाहेर सामोरे जात त्यासाठीही वापरत. सामोरे जाऊन त्याच्यासोबत तिकडेच निघून जायचं नसे. त्याला घेऊन परत गावात यायचं असे. प्रेषितांच्या कृत्यांत २८ व्या अध्यायात पौल रोमला पोचतो तेव्हा तिथले बंधू त्याला असेच सामोरे येतात. दहा कुमारींच्या दाखल्यात वराला सामोरं जाण्यासाठीही तोच शब्द आहे.

गुहागरी
३ नोव्हेंबर, दुपारी १:५०

अहो, मग हे सीमांतपूजनच झालं की! वर गावच्या सीमेवर येतो, मुलीकडचे तिथवर जातात, पाय धुतात आणि वाजतगाजत मांडवात आणतात. सीमेवरूनच वराकडे राहायला कुणी जात नाही.

रत्नदुर्ग
३ नोव्हेंबर, दुपारी २:१०

याहून चांगलं उदाहरण मला कुठल्याही टीकाग्रंथात सापडलं नव्हतं. पुढच्या अभ्यासवर्गात हेच सांगणार, तुमची परवानगी गृहीत धरतो. आणि बघा, प्रकटीकरणाच्या शेवटी माणसं पृथ्वी सोडून वर जात नाहीत. नवं यरुशलेम वरून खाली येतं, नवरीसारखं सजून.

आगाशीचा
३ नोव्हेंबर, रात्री ८:३०

मला इथे एक जखम सांगायची आहे. २०२१ मध्ये माझ्या मावशीने लस घेतली नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एका प्रवचनकाराची चित्रफीत फिरत होती, लस म्हणजे प्रकटीकरणातली श्वापदाची खूण, ६६६. मावशी साधी, भक्तीची. आम्ही हात जोडले, फादरांनी घरी येऊन समजावलं, नाही ऐकलं. त्या उन्हाळ्यात ती गेली. लस घेऊन वाचली असती की नाही ते देव जाणे. पण ती शेवटचे दिवस घाबरून जगली. ज्या पुस्तकाने तिला धीर द्यायचा, त्याच्याच नावाने कुणीतरी तिला घाबरवलं. हे मी विसरू शकत नाही.

रत्नदुर्ग
३ नोव्हेंबर, रात्री ९:००

आगाशीचा, फार वाईट वाटलं. मावशींना शांती लाभो.

त्या आकड्याबद्दल लिहितो, कुणाच्या तरी कामी येईल. तेव्हा हिब्रू आणि ग्रीकमध्ये अंकांसाठी वेगळी चिन्हं नव्हती, अक्षरांनाच किंमत असे. 'नीरो कैसर' हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून बेरीज केली तर ६६६ येते. काही जुन्या हस्तलिखितांत ६६६ ऐवजी ६१६ आहे. त्याच नावाचं लॅटिन वळणाचं रूप घेतलं, शेवटचा न काढला, की ५० कमी होऊन ६१६ येतात. दोन्ही आकडे एकाच माणसावर येऊन थांबतात, म्हणून बहुतेक अभ्यासक नीरोकडे बोट दाखवतात. ख्रिस्ती लोकांना जिवंत जाळणारा सम्राट. वाचणाऱ्याला तेव्हाच कळत होतं की कुणाबद्दल चाललंय. सुईत आणि बारकोडात तो आकडा शोधणं म्हणजे दुसऱ्याचं पत्र फोडून त्यात आपलं नाव घालणं.

तारखांचंही तसंच. विल्यम मिलर या अमेरिकन शेतकऱ्याने दानीएलाच्या २३०० दिवसांवरून हिशेब मांडला. त्याच्या अनुयायांनी शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला. काहींनी शेतातलं पीकसुद्धा काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला आणि माणसं ढसाढसा रडली. मार्काच्या तेराव्या अध्यायात येशू स्वतः म्हणतो, तो दिवस देवदूतांना ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. पुत्राने जे सांगितलं नाही ते चित्रफीतवाल्याला कुठून कळणार?

हर्णैबंदर
३ नोव्हेंबर, रात्री १०:४५

वाचतोय सगळं. आम्ही कोकणी मुसलमान. आमच्याकडेही कयामतीच्या आधी हजरत ईसा अलैहिस्सलाम परत येतील आणि दज्जालचा (खोट्या मसीहाचा) शेवट करतील असं हदीसमध्ये आहे, आणि ती घडी फक्त अल्लाहलाच माहीत, हे कुरआनात. समुद्रात गेलेल्यांसाठी आमच्या घरातही दुवा होते. आगाशीचा, तुमच्या मावशींसाठी केली.

तारामंडळ
४ नोव्हेंबर, सकाळी ११:००

विज्ञान शिकवतो, श्रद्धेच्या बाजूने काही बोलण्याचा अधिकार नाही. पण 'समुद्र राहिला नाही' वाचून राहवलं नाही.

सूर्याचं वय सुमारे ४६० कोटी वर्षं. तो हळूहळू तेजस्वी होतोय, दर १०० कोटी वर्षांना साधारण १० टक्के. साधारण १०० कोटी वर्षांत पृथ्वी इतकी तापेल की समुद्रांचं पाणी टिकणार नाही, असा अंदाज आहे. सुमारे ५०० कोटी वर्षांनी सूर्य फुगून तांबडा राक्षसी तारा होईल. विश्वाचं पाहिलं तर १९९८ मध्ये दूरच्या स्फोटक ताऱ्यांवरून कळलं की त्याचं प्रसरण वेग घेतंय. असंच चालू राहिलं तर दीर्घिका एकमेकींच्या नजरेआड जातील, नवे तारे जन्मणं थांबेल आणि शेवटी सगळं थंड, काळोखं, विरळ होईल.

तर समुद्र जाणार, हे आमचं गणितही सांगतं. पण त्यानंतर नवं काही येईल असं गणित सांगत नाही.

वलांडी
४ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

सर, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. इथे एक मोह होतो, तो मलाही झाला. बघा, विज्ञानानेही तेच सांगितलं म्हणून टाळी वाजवायचा. मी वाजवणार नाही. विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी विश्वाच्या आरंभाचं नवं विज्ञान निर्मितीच्या श्रद्धेशी जोडून भाषण केलं, तेव्हा लमेत्र यांनाच ते रुचलं नव्हतं. त्यांचा सिद्धांत त्यांना धर्माच्या प्रश्नापासून वेगळा ठेवायचा होता. अंताबद्दलही तेच पथ्य मी पाळेन. योहान सूर्याच्या इंधनाबद्दल लिहीत नव्हता.

पण तुमचं शेवटचं वाक्य खरं आहे, ते मी टाळणार नाही. निसर्गाला त्याच्या वाटेने जाऊ दिलं तर शेवट थंड आहे. जॉन पोलकिंगहॉर्न म्हणून केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ होते, पुढे अँग्लिकन धर्मगुरू झाले. त्यांनी हे सरळ मान्य केलं. आशा निसर्गाच्या नियमांतून येतच नाही, ती देवाच्या विश्वासूपणातून येते, असं त्यांचं म्हणणं. आणि नवी सृष्टी शून्यातून नाही, जुन्या सृष्टीतूनच घडेल. रिकामी कबर त्यांना तिथेच महत्त्वाची वाटली. येशूचा तोच देह उठला, जखमांसकट. जुनं टाकून नवं दिलं गेलं नाही.

कर्लीकाठ
४ नोव्हेंबर, दुपारी ४:१५

माका एक खटकतंय, थेट विचारतो. पेत्राच्या पत्रात म्हणे सगळं आगीत वितळणार आहे. मग किनारा वाचवा, कांदळवन तोडू नका, बंदरं नकोत, यासाठी ख्रिस्ती माणसाने का भांडायचं? जळणारच आहे तर?

वलांडी
४ नोव्हेंबर, रात्री ९:२०

हा प्रश्न आमच्या गावातही विचारला जातो, आणि मला वाटतं हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

पेत्राचं दुसरं पत्र, अध्याय ३, वचन १०. अनेक भाषांतरांत शेवटी पृथ्वी व तिच्यावरची कामे 'जळून जातील' असं येतं. पण सिनाईटिकस आणि व्हॅटिकानस या चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या हस्तलिखितांत जो शब्द आहे त्याचा अर्थ 'सापडतील', उघडी पडतील, असा होतो. म्हणजे आग मुशीतली. सोनाराच्या मुशीत सोनं संपत नाही, हिण जातं आणि काय खरं होतं ते दिसतं. त्याच अध्यायात पेत्र नोहाच्या जलप्रलयाची आठवण देतो. तेव्हाही जग नष्ट झालं असं तो म्हणतो, पण पाणी ओसरलं तेव्हा खाली हीच पृथ्वी होती. ऑगस्टीननेही म्हटलंय की जातं ते जगाचं रूप, त्याचं मूळ सत्त्व नाही.

आणि रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय. तिथे पौल म्हणतो, सगळी सृष्टी कण्हतेय, प्रसूतीच्या वेदनांत आहे. मरणाऱ्याचं कण्हणं आणि बाळंतिणीचं कण्हणं बाहेरून सारखंच ऐकू येतं. पण बाळंतिणीच्या दारात बसलेली माणसं गरम पाणी ठेवतात, दिवा सरळ करतात, कुणी झोपत नाही. आमचं काम ते. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' हे पत्र पर्यावरणावर लिहिलं, त्याच्याही शेवटी येतं की त्या जीवनात प्रत्येक प्राणी उजळलेल्या रूपात आपल्या जागी असेल. मग बोंबीलही असेल. पापलेटही. आम्ही छोट्या आसाच्या (बारीक छिद्रांच्या) जाळ्यांनी पिल्लं उपसून, खाडीत रसायनं सोडून जे संपवतोय, त्याचं काय उत्तर देणार? उघडं पडेल ते हेच.

काल रात्री वडिलांकडे गेलो होतो. ते ८४ वर्षांचे आहेत, दिसतं कमी, आठवतं सगळं. त्यांना हा धागा वाचून दाखवला. विचारलं, आजीला पुढचं का वाचून दाखवलं नाहीत? ते म्हणाले, "तिने विचारलं असतं तर वाचलं असतं. तिला फक्त माणूस परत हवा होता. समुद्राचं तिने कधी विचारलंच नाही."

मग त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानाचं शेवटचं प्रकरण काढायला लावलं. पुनरुत्थानानंतरची पहाट आहे. शिष्य रात्रभर जाळं टाकून रिकामे आलेत, आणि उठलेला प्रभू किनाऱ्यावर निखारे पेटवून मासे भाजत बसलाय. त्यांना म्हणतो, या, न्याहारी करा. मरण जिंकून आल्यावर त्याने केलेली ही गोष्ट. किनाऱ्यावर, पाण्याच्या काठी, एका खऱ्या सरोवराच्या. त्या सकाळी जाळ्यात १५३ मासे आले, आणि कुणीतरी ते मोजले. कोळ्याशिवाय कोण मोजणार? वडील एवढं म्हणाले आणि झोपायला गेले.

पाचूबंदर, तुमचं वाचल्यापासून मी समुद्र मागणं सोडलंय. जो माणसं गिळतो तो नको. तो गेला की उरेल त्याला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही. त्याच प्रकटीकरणात सिंहासनासमोर काचेसारखा समुद्र आहे, स्वच्छ आणि शांत, तो कदाचित.

पाचूबंदर
४ नोव्हेंबर, रात्री ११:१०

वडिलांना नमस्कार सांगा.

उद्या पहाटे बोट काढतोय, म्हणून थोडक्यात. पुढच्या वर्षी दोन नोव्हेंबरला क्रुसाकडे जाल तेव्हा करवंट्या दोन ठेवा. एक आमच्या तांडेलासाठी. त्याची आई असेल तर तिला मी घेऊन येईन.